रजिस्टरात नसलेला रकाना

१

पाच मार्चला सकाळी साडेआठ वाजता आमच्या घरातून माझा नवरा चोरीला गेला.

म्हणजे माणूस होता जागेवरच. पुढच्या खोलीत, लाकडी खुर्चीत, अंगात धुतलेला सदरा. पण आत कोणी नव्हतं. डोळ्यांची बुबुळं एवढाली झालेली, ओठांना पापुद्रे सुटलेले आणि दोन बोटांनी हवेतून काहीतरी वेचणं चाललेलं. मी समोर जाऊन उभी राहिले तर ते माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघून हसले.

अशा चोरीची फिर्याद कुठं देणार? ठाण्यात गेले असते तर त्यांनी मलाच डॉक्टरकडं पाठवलं असतं. म्हणून तपास मीच केला. मी पोलीस नाही. हडकोतल्या अंगणवाडीत एकोणतीस वर्षं सेविका होते. कोणत्या पोराचं वजन किती, कोणी खिचडी खाल्ली, कोणी सांडली, सगळं रजिस्टरात. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना विसरण्याचा आजार जडला, तशी मी त्यांचंही रजिस्टर घातलं. रजिस्टरात नावाचा रकाना असतो म्हणून इथं नाव लिहिते, एरवी घेत नाही: काकासाहेब.

जेवण, पाणी, लघवी, झोप, शेरा असे रकाने. शेवटचा एक मी स्वतःसाठी आखला होता, 'हाक'. त्यांनी मला नावानं हाक मारली की त्यात बरोबरची खूण. पहिल्या वर्षी रकाना भरून वाहत होता. मग खुणा विरळ झाल्या. गेल्या दिवाळीनंतर तर फक्त पाण्याच्या दिवशी खूण पडायची.

त्याचं कारण सांगते. काकासाहेब महापालिकेत लाइनमन होते. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, हे तेहतीस वर्षं त्यांच्या हातात. आमच्याकडं नळ कधी पाचव्या दिवशी येतो, कधी आठव्या. पाण्याच्या आधी नळातून हवा फुसफुसते. तो आवाज ऐकला की हे खुर्चीतून ताडकन उठायचे, उजवा हात हवेत गोल फिरवून व्हॉल्व्हचे अकरा फेरे मोजायचे आणि ओरडायचे, "चतुरे, हंडे काढ! सुटलं बघ पाणी!" त्या दोन तासांत मी त्यांची बायको असायचे. बाकीचे दिवस मी कोणीतरी बरी बाई होते.

हा आजार उन्हासारखा सरकतो. घरात बसलेल्याला सरकताना दिसत नाही. पाच मार्चला मात्र कोणीतरी खिडकीच लावून घेतली. त्या दिवशी दुपारी नळ आला, फुसफुसला, आणि माझा नवरा हवेतले दाणे वेचत बसून राहिला.

दोन दिवसांनी ते जरा सावरले. अकरा तारखेला पुन्हा तेच.

२

मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत सांगितलं, आजार पुढं गेला. सून श्रेया सोबत होती. ती बँकेत आहे, स्पष्ट बोलते. परतताना रिक्षात म्हणाली, "आई, मी तोंडावर सांगते. आबांना एखाद्या चांगल्या केंद्रात ठेवू. तुमच्यानं होत नाही आता."

"माझ्यानं व्हतं," मी म्हटलं. तो विषय तिथंच मिटला, पण मनात खुपून राहिला.

एकोणीस मार्च. चोवीस मार्च. एक एप्रिल. दर वेळी सकाळी आठ-साडेआठला सुरू, दोन दिवस धुमाकूळ, मग हळूहळू उतार. लघवीच्या रकान्यात त्या दिवशी शून्य.

घरातली माणसं चांगली वागत होती, हे खोटं नाही. श्रेया पुन्हा पुन्हा औषधं बघायची. दिवसभर सांभाळायला बिडकीनची गयाबाई होती, नऊला येऊन सहाला जाणारी. माझा मुलगा शिवराज, जो स्वतःची कपबशी कधी विसळत नाही, तोसुद्धा अधूनमधून सकाळच्या शिफ्टला जायच्या आधी वडिलांना चहा करून द्यायचा. भरपूर आलं घालून. मी अंघोळीला जाता जाता ते बघायचे आणि मला भरून यायचं.

एक एप्रिलला मी मोठ्या डॉक्टरांकडं न जाता गल्लीच्या तोंडावरच्या शंतनू डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी जीभ बघितली, बुबुळांवर उजेड टाकला, ओटीपोट दाबलं. माझं रजिस्टर त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. असं करणारे ते पहिलेच डॉक्टर.

"काकू, हा आजार इतका घाईत नसतो," ते म्हणाले. "एका सकाळीत माणूस बदलला, तर कारण बाहेरचं असतं. कधी लघवीत जंतू, कधी कुठं दुखणं, कधी नवं औषध. यांना ताप नाही. तोंड कोरडं, बुबुळं मोठी, लघवी अडलेली. घरात कोणी खाजेची गोळी घेतं का? सर्दी-अ‍ॅलर्जीची?"

"का हो?"

"तुम्हाला-मला तिनं झोप येते. यांच्या मेंदूला ती पेलत नाही. दोन-तीन दिल्या तर हे असं होतं."

गयाबाईच्या कोपरापासून मनगटापर्यंत खाज होती. तिची कापडी पिशवी स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलेली होती. डॉक्टर चपला घालत होते तोवर माझा हात त्या पिशवीत गेला होता.

३

दहाचं पाकीट. तीन गोळ्या उरलेल्या.

"गयाबाई, यातल्या किती खाल्ल्या तू?"

"दोनच, काकू. लई झोप येती म्हून सोडल्या. दादांनीच आणून दिल्या मेडिकलातून."

"मग पाच कुठं गेल्या?"

तिनं पाकीट उलटसुलट केलं. चेहरा पांढरा पडला. "म्या नाय मोजल्या, काकू. देवाशप्पथ नाय मोजल्या."

आता लिहिताना स्वतःची लाज वाटते. तिच्या एका वाक्यात उत्तर होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं. मला चोर पकडायची घाई झाली होती. म्हाताऱ्याला झोपवून स्वतः आराम करणाऱ्या बायकांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. तिच्या हातात पिशवी दिली आणि दार दाखवलं. ती रडली नाही. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "काकांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत जा, काकू. जिभंला चिरा पडल्यात." मग गेली.

माझा निकाल बरोबर ठरल्यासारखंच झालं. सात एप्रिलला भरदुपारी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना नळ फुसफुसला. मी कणीक मळत होते. मागून आवाज आला, "चतुरे! अगं, बसलीस काय? हंडे काढ!"

वळून बघितलं तर दारात उभे. डोळे स्वच्छ. हात फिरत होता, नऊ, दहा, अकरा. मी पिठाच्या हातानंच त्यांचा दंड धरला आणि ओक्साबोक्शी रडले. "रडायला काय झालं? दोन तास हाय पाणी," ते म्हणाले. रकान्यात मी खूण केली, ती एवढी मोठी की शेजारच्या रकान्यात गेली.

चोर गेला, नवरा परत आला. मी शिवराजला तसं म्हणालेही. तो ताटातल्या भाकरीकडं बघत राहिला.

तेरा एप्रिलला सकाळी सव्वाआठला काकासाहेब खुर्चीतून खाली कोसळले. बुबुळं मोठी, जीभ लाकडासारखी. आणि गयाबाई घरातून जाऊन बारा दिवस झाले होते.

४

दवाखान्यात नळी घालून लघवी काढली. जंतू रक्तात गेल्याचं संध्याकाळी कळलं. शंतनू डॉक्टर तिथं येऊन गेले. जाताना हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा झालं, तर हे वाचणार नाहीत."

म्हणजे आता प्रश्न हाक मारण्याचा राहिला नव्हता. माझ्या घरात, माझ्या ओळखीचा हात पुन्हा एकदा त्या गोळीपर्यंत जायच्या आत मला तो धरायचा होता.

चौदाला सकाळी कपडे न्यायला घरी आले. रजिस्टर घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर स्टूल ओढलं. पाच, अकरा, एकोणीस, चोवीस मार्च. एक आणि तेरा एप्रिल. आधी वार जुळवले. जुळेनात. मग तिथी बघितल्या. अमावास्या नाही, एकादशी नाही. मीच मला हसले, भूतबाधा शोधायला निघालेय की काय.

मग नजर त्याच चौकोनांतल्या माझ्याच पेन्सिलीच्या गोलांवर गेली. पाण्याचा दिवस आला की मी गोल करते.

सहाच्या सहा तारखांना गोल होता.

मला आधी दिसलं कसं नाही? दिसलं होतं. पण मी उलटं वाचलं होतं. पाण्यानंसुद्धा आता जाग येत नाही, आजारानं शेवटचं तेवढंही नेलं, असं मी स्वतःला समजावत होते. पाण्याचा दिवस म्हणजे हंडे, ड्रम, मोटर, आरडाओरडा. त्या गडबडीत त्यांचं सकाळीच बिघडलेलं असायचं आणि नळ यायचा दुपारी.

दोन गोल मात्र वेगळे होते. चोवीस मार्चच्या गोलावर फुली होती. त्या दिवशी पाणी येणार म्हणून ड्रम मांडले, श्रेयानं अर्धी रजा टाकली, आणि मोठी जलवाहिनी फुटल्यानं थेंब आला नाही. तरी काकासाहेब सकाळपासून बिघडलेले. आणि सात एप्रिलला पाणी न सांगता आलं, तर हे ठणठणीत.

पाणी नव्हतं पण बातमी होती, त्या दिवशी बिघडले. पाणी होतं पण बातमी नव्हती, त्या दिवशी हाक मारली.

म्हणजे त्यांना पाण्यानं काही होत नव्हतं. पाणी येणार आहे, हे आधी कळलेल्या माणसानं होत होतं. गयाबाई नऊला यायची, तोवर सगळं होऊन गेलेलं असायचं. सकाळी आठच्या आत घरात असणारी माणसं तीनच. त्यातली एक मी.

५

श्रेयाला बँकेच्या बाहेर गाठलं. घरात विचारायचं नव्हतं.

"श्रेया, तू यांना काही गोळी देत होतीस?"

 तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "आई, मला आबा केंद्रात हवे होते. ते मी रिक्षात बोलले, जेवताना बोलले. चोरून करायचं असतं तर बोलले असते का? आणि एक एप्रिलला मी इथं होते का? सिल्लोडला होते. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तुम्हीच डबा बांधून दिला होता."

डबा मीच बांधला होता. मेथीचे पराठे.

तिथून मी जलकुंभावर गेले. हल्लीचा लाइनमन सोमनाथ काकासाहेबांच्याच हाताखाली शिकलेला. मला बघून बिडी टाकून उठला.

"काकू, काका कसेत?"

"सोमनाथ, पाणी सोडायच्या दिवशी तू गल्लीच्या ग्रुपवर सांगतोस ना?"

"ग्रुपवर धा वाजता टाकतो. तुमच्या घरी आधीच फोन असतो माझा. सहाला."

"कोणाला?"

"दादाला." तो जरा घुटमळला. "शिवराजदादानंच सांगितलंय ना. मार्च लागला तवापासून. म्हणला, दुसऱ्या कोणाला सांगू नको, आधी मला सांग, आबांची तयारी करावी लागती. मला बरं वाटलं बघा. म्हणलं, पोरगं बापाला जपायलंय."

"आणि सात तारखेला?"

"मी कन्नडला लग्नाला गेलतो. बदलीवाल्याला काय ठाव? त्यानं नुसतं सोडलं."

मी तिथंच टाकीच्या कट्ट्यावर बसले. आल्याचा वास नाकात आला. घरातला प्रत्येक घास मी चार वर्षं लिहिला होता. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. अंगणवाडीत तेवढंच लिहायचं असतं. कोणी भरवलं, याला रकाना नसतो, कारण भरवणारी मीच असायचे. तोच नमुना मी घरी आखला होता.

"काकू, पाणी देऊ?" सोमनाथ म्हणाला.

मी नको म्हटलं. मागच्या पानांत अजून एक नोंद होती, ती मला घरी जाऊन बघायची होती.

६

सव्वीस फेब्रुवारी. पाण्याचा दिवस. शेरा: 'डावा गाल सुजला. शिवराज म्हणाला, पायरीवर पडले.'

पायरीवर पडलेल्या माणसाचं कोपर फुटतं, गुडघा फुटतो. नुसता गाल सुजत नाही. एकोणतीस वर्षं पडलेली पोरं उचललेल्या बाईला हे कळायला हवं होतं.

शिवराज शिफ्टवरून आला. मी पान उघडं ठेवलं आणि समोर चहाचा कप ठेवला. रिकामा.

"आबांच्या गालाला काय झालं होतं?"

 तो खाली फरशीवरच बसला, लहानपणी बसायचा तसा.

"आई, त्या दिवशी आबा चावी घेऊन कोपऱ्यावर गेलते." चावी म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायचा लोखंडी दांडा. त्यांनी जपून ठेवलेला. "पाणी चालू होऊन अर्धा तास झाला नव्हता. त्यांना वाटलं वेळ संपला, पलीकडच्या गल्लीचा नंबर आला. बंद करून टाकलं. आठ दिवसांनी पाणी आलतं, आई. लोक धावून आले. मी गाडी लावत होतो. मी पोचायच्या आत एकानं थोबाडीत दिली."

मी रिकामा कप बाजूला सरकवला.

"आबांनी त्याला हात जोडले. म्हणले, साहेब, चूक झाली. माझा बाप, आई! ज्याच्या नावानं ही गल्ली पाणी प्यायली तो... मला ते जोडलेले हात दिसायचे. झोपताना, मशीनवर, कुठंबी. वाटलं, त्या एका दिवशी झोपून राहिले तर कोणाला हात जोडावे लागणार नाहीत. गयाबाई म्हणली होती, गोळीनं लई झोप येती. मला वाटलं, झोपच येईल नुसती. आधी दोन, मग तीन तिच्याच पाकिटातनं काढून चहात घातल्या, नंतर दुसरं आणलं."

"आणि झोपायच्या ऐवजी ते हवेत दाणे वेचायला लागले, तेव्हा?"

"डॉक्टर म्हणले ना, आजार वाढलाय. मला तेच खरं वाटाया लागलं."

"गयाबाईला मी काढलं, तेव्हा?"

 त्यानं खिशातून नवं पाकीट काढून कपाशेजारी ठेवलं. मला हंबरडा फोडायचा होता, त्याच्या थोबाडीत द्यायची होती, त्याला पोटाशी धरायचं होतं. यातलं एकही केलं नाही.

"कोणी मारलं, ते मला सांगितलं असतंस तर मी पाण्याच्या दर दिवशी त्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले असते," मी म्हटलं. "तुला त्यांचे जोडलेले हात बघवेनात. पण त्याच दिवशी ते मला ओळखायचे, शिवराज. आठ दिवसांतून दोन तास. ते तू नेलेस."

७

काकासाहेब एकवीस दिवसांनी घरी आले. चालत नाहीत. बोलत नाहीत. शंतनू डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. मी बिडकीनला जाऊन गयाबाईच्या दारात उभी राहिले. तिनं मला पाणी दिलं, माफी दिली की नाही ते बोलली नाही. सोमवारपासून येते म्हणाली. ती आली, पण तिची पिशवी आता खुंटीला टांगत नाही, मांडीशी ठेवते.

श्रेयानं केंद्राचा विषय पुन्हा काढला नाही. शिवराजला पोलिसांत द्या असं तिनं एकदा म्हणून बघितलं, आणि स्वतःच रडत आत गेली. मी दिलं नाही. ते बरोबर केलं का, ठाऊक नाही. रजिस्टरात मात्र सगळं तारीखवार आहे.

सोमनाथचा फोन आता मला येतो. काल सकाळी सहाला आला. "काकू, आज पाणी."

मी वळले तर शिवराज स्वयंपाकघराच्या दारात उभा. त्यानं ऐकलं होतं.

"मी करू चहा?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी हो म्हटलं. त्यानं आलं घातलं नाही. कप आणून माझ्यासमोर धरला. त्याच्या देखत मी आधी दोन घोट घेतले आणि थांबले. घड्याळ बघत पाऊण तास थांबले. चहा गार झाला. तो पूर्ण वेळ उभा होता, ड्युटीची गाडी निघून गेली तरी. मग मी चहा गरम करून चमच्यानं काकासाहेबांना पाजला. रजिस्टरात मी नवा रकाना आखलाय, 'कोणी दिलं'. त्यात लिहिलं: शिवराज. आधी मी घेतला.

त्यानं ते वाचलं. "आई, असं रोज?"

"रोज," मी म्हटलं.

दुपारी नळ फुसफुसला. मी, शिवराज आणि गयाबाई, तिघांनी पलंगाकडं बघितलं. काकासाहेबांचा उजवा हात चादरीवर हलला. मनगट वळलं. एक फेरा. दोन. शिवराज ओठांतल्या ओठांत मोजत होता. तीन. चार. मग हात थांबला आणि पुन्हा हलला नाही. शिवराज तरी मोजत राहिला, अकरापर्यंत.

बाहेर हंड्यांची आदळआपट सुरू झाली. मी उठले, ड्रमचं झाकण काढलं, नळाला पाइप लावला. रात्री रजिस्टर भरताना हाकेचा रकाना रिकामा सोडला आणि उद्याची तारीख घातली.